‘ऑर्डिनन्स’ला प्रत्येक वेळी अध्यादेशच म्हणायचे का? कायदेविषयक इंग्रजी शब्दांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करतो. कायद्याचे शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे पुढील प्रश्न एखाद्या वकिलाला प्राथमिक वाटण्याची शक्यता आहे. नाशिकजवळच्या एका लघुउद्योजकांना अमेरिकेतील खरेदीदाराने पुरवठ्याचा करार पाठवला असून, सही करण्यापूर्वी तो मराठीतून समजून घेता यावा म्हणून भाषांतर माझ्याकडे आले आहे. बंधनकारक मजकूर इंग्रजीच राहणार आहे. त्यातील एका कलमाने, माल जिथे तयार होईल, जिथे साठवला जाईल आणि जिथे पोहोचवला जाईल तेथील सर्व ‘लॉज, स्टॅट्यूट्स, ऑर्डिनन्सेस, रूल्स, रेग्युलेशन्स अँड ऑर्डर्स’ पाळण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली आहे. मी शासकीय परिभाषेला धरून ‘कायदे, अधिनियम, अध्यादेश, नियम, विनियम व आदेश’ असे लिहून मोकळा झालो. मसुदा वाचून उद्योजकांनी विचारले, “अध्यादेश तर तात्पुरता असतो. त्याला या रांगेत मुद्दाम कशाला बसवलात?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे संसदेचे किंवा विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अनुच्छेद १२३ खाली आणि राज्यपाल अनुच्छेद २१३ खाली जो कायदा करतात, तो अध्यादेश. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवडे उलटले आणि तोवर सभागृहाने त्याची जागा घेणारा कायदा केला नाही, तर तो संपतो. अमेरिकेत मात्र ऑर्डिनन्स म्हणजे शहराच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) लोकनिर्वाचित मंडळाने रीतसर मंजूर केलेला स्थानिक कायदा. शिकागोची नगर परिषद जे कायदे करते त्यांना ऑर्डिनन्सच म्हणतात, आणि रद्द किंवा दुरुस्त होईपर्यंत ते चालू राहतात. म्हणजे माझा शब्द परिभाषेप्रमाणे बरोबर आणि अर्थाने चुकीचा ठरला.

त्याऐवजी ‘उपविधी’ (इंग्रजीत ‘बाय-लॉज’) लिहावे असे आधी वाटले, कारण आपल्या महानगरपालिका उपविधी करतात. पण सर्वसामान्य मराठी वाचकाला उपविधी म्हटले की गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आठवतात, म्हणजे पार्किंग, ना-वापर शुल्क आणि वार्षिक सभेतील भांडणे. शिवाय सहकारी संस्थेच्या उपविधींना कायद्याचे बळ नसते, ते कंपनीच्या अंतर्गत नियमावलीसारखे असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच म्हटलेले आहे. ज्या ऑर्डिनन्सचा भंग केल्यास दंड होतो, त्याला हा शब्द हलका पडेल अशी मला भीती वाटते.

दुसरी अडचण ‘रूल’ आणि ‘रेग्युलेशन’ यांची. शासन करते तो नियम आणि शासनाने स्थापन केलेले प्राधिकरण करते तो विनियम, अशी खूणगाठ मी बांधली होती. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये ती चपखल बसते, कारण तेथे कलम ८४ खाली शासन नियम करते आणि कलम ८५ खाली प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे महारेरा, विनियम करते. सेबीच्या १९९२ च्या अधिनियमातही केंद्र सरकार आणि मंडळ यांच्यात अशीच वाटणी आहे. परंतु मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११८ खाली केंद्र सरकारनेच वाहन चालवण्याविषयी रेग्युलेशन्स केलेली आहेत, आणि २०१७ पर्यंत जी लागू होती त्यांचे नावच ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स, १९८९’ असे होते. रूल्सचे रेग्युलेशन! हे वाचल्यावर माझी खूणगाठ सुटली.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, अमेरिकी ऑर्डिनन्ससाठी आपण कोणता शब्द वापराल आणि रूल व रेग्युलेशन यांत नेमका फरक तरी कशाच्या आधारे करावा, हे कृपया सांगावे. या कलमात सहाही शब्दांना सहा वेगळे मराठी शब्द देणे आवश्यक आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केली आहे, त्या आधारे लिहितो. आपली खूणगाठ सुटली ते बरेच झाले. शीर्षकात कोणता शब्द आहे यावरून दर्जा ठरत नाही. तो नियम किंवा विनियम कोणी केला आणि कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाने तो अधिकार दिला, यावरून ठरतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील ‘रूल’ची व्याख्या पाहावी. एखाद्या अधिनियमाखाली नियम म्हणून केलेले रेग्युलेशनही तीत समाविष्ट आहे. जीवन विमा महामंडळासारख्या वैधानिक महामंडळांनी केलेल्या रेग्युलेशन्सना कायद्याचे बळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात ठरवले. त्यामुळे विनियम नियमापेक्षा खालचा, असा समज भाषांतरातून पसरू नये. अमेरिकेत तर संघराज्याच्या पातळीवरील यंत्रणांच्या बाबतीत हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतात. उलट युरोपीय संघात रेग्युलेशन सर्व सदस्य देशांना थेट लागू होते, तर डायरेक्टिव्हचे उद्दिष्ट गाठण्यासाठी प्रत्येक देशाला आपला कायदा करावा लागतो. २०१८ पासून लागू असलेला विदासंरक्षणाचा (‘डेटा प्रोटेक्शन’चा) प्रसिद्ध युरोपीय कायदा रेग्युलेशनच आहे, आणि त्याला विनियम म्हटले तर मराठी वाचकाला त्याचे वजन कळणार नाही.

आता आपले कलम. अशा याद्या मसुदाकार फट राहू नये म्हणून करतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्येही ‘कायदा’ या शब्दात अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, इतकेच काय, कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठही मोजले आहेत. म्हणून शब्दास शब्द जुळवण्यापेक्षा यादीतील कोणताही प्रकार बाहेर राहत नाही ना, हे पाहावे. आपण एक गोष्ट मात्र नजरेआड केली आहे. माल नाशिकला तयार होणार आहे. कलम तयार होण्याच्या जागेलाही लागू आहे, तर भारतातील अध्यादेशही त्यात आलेच. ‘अध्यादेश’ काढून टाकल्यास नवी चूक होईल. दोन्ही लिहा.

प्रतिसाद २

वरील मुद्द्याला जुनी पुस्ती जोडते. मुंबई इलाख्यात १८२७ साली, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, जी कायद्यांची संहिता झाली तिच्यातील प्रत्येक कायद्याचे नाव रेग्युलेशन होते, आणि तो इथल्या कुठल्या ‘ॲक्ट’खाली केलेला नव्हता. गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलने केलेल्या कायद्यांना ॲक्ट म्हणण्याची रीत १८३३ च्या चार्टर ॲक्टनंतरची. ‘स्टॅट्यूट’चेही तसेच आहे. एरवी तो विधिमंडळाचा अधिनियम, पण विद्यापीठात स्टॅट्यूट म्हणजे परिनियम, आणि तो विद्यापीठ अधिनियमाखाली केलेला असतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ‘ऑर्डिनन्स’ हा शब्द कानावर पडतो तोही राज्यपालांच्या अध्यादेशाचा नव्हे. आपल्या करारात विद्यापीठाचा संबंध नसल्याने ‘स्टॅट्यूट’साठी अधिनियम ठीक आहे. ‘लॉ’मध्ये मात्र न्यायालयीन निर्णयांतून घडलेला कायदाही येतो, म्हणून ‘कायदे’ आणि ‘अधिनियम’ हे दोन्ही शब्द ठेवावेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. माल तयार होण्याच्या जागेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. अमेरिकेचे नाव वाचून मी सगळे कलम तिकडचेच समजून बसलो होतो. आता मसुदा असा केला आहे: “माल जेथे तयार होईल, साठवला जाईल व पोहोचवला जाईल तेथे लागू असलेले सर्व कायदे, अधिनियम, अध्यादेश, शहर किंवा काउंटी यांसारख्या स्थानिक शासनसंस्थांनी केलेले कायदे, नियम, विनियम आणि आदेश पुरवठादाराने पाळावेत.” इंग्रजीतील एका शब्दाचे दोन घटक का झाले, याची तळटीप देत आहे. ‘ऑर्डर्स’मध्ये न्यायालयाचे आदेशही धरायचे की केवळ प्रशासकीय, हे मूळ मजकुरात स्पष्ट नसल्याने तेथे ‘आदेश’ हा मोघम शब्द तसाच ठेवला आहे आणि खरेदीदाराला विचारून घ्यावे असे उद्योजकांना कळवले आहे.