एकाच बंदरात दोन ठिकाणचे तळाचे प्राणी एवढे वेगळे का?

खेकडेराव: प्रोजेक्टसाठी बंदराच्या तळाचे सॅम्पल बघतोय. धक्क्याजवळच्या चिखलात नुसते किडेच किडे, आणि तोंडाकडच्या वाळूत शिंपले. पाणी तर एकच ना? मग असं कसं?

गाळातला_मी: पाणी एक असलं तरी तळ एक नाही ना. धक्क्याजवळ प्रवाह मंद, म्हणून 0.063 मिमीपेक्षा बारीक कण तिथेच बसतात, सोबत कुजका माल पण. बारीक गाळात ऑक्सिजन जेमतेम काही मिलिमीटर खाली जातो, त्याखाली काळा थर, सडक्या अंड्याचा वास (हात लावलास तर दिवसभर जात नाही). तिथे कॅपिटेलासारखे पॉलिकीट (समुद्रातले वळ्यावळ्यांचे) किडे टिकतात, गाळच खातात. वाळूत पाणी खेळतं, म्हणून पाणी गाळून खाणारे शिंपले.

शंखोबा: अजून एक, गाळ खाणारे किडे तळ इतका उकरतात की वरचा थर सैल होतो, तो उडून शिंपल्यांच्या कल्ल्यांत अडकतो आणि पिल्लं तर गाडलीच जातात. म्हणजे किडेच शिंपल्यांना हाकलतात म्हण ना!

खेकडेराव: भारी! आणि धक्क्याच्या खांबांवर?

शंखोबा: तो कडक तळच, बार्नेकल (खांबाला घट्ट चिकटणारे कवचवाले बारके प्राणी), कालवं, स्पंज. पण तळाचं खोदकाम, म्हणजे ड्रेजिंग, कधी झालं ते आधी विचार, ड्रेजिंगनंतर पहिले येतात ते हेच छोटे किडे, मग नुसत्या तळावरून काढलेला निष्कर्ष फसतो. आणि गाळातून प्राणी वेगळे करायला चाळणी कितीची वापरलीस, 1 मिमी की 0.5? 1 मिमीतून बारके निसटतात.