मदत हवी आहे : फॉइलवर अँटी-डम्पिंग शुल्क भरलं, हळदीच्या निर्यातीवर ते परत मिळेल का?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. कुपवाड एमआयडीसीत माझं आणि चुलतभावाचं हळद दळण्याचं आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे. वडिलांची मार्केट यार्डात अडत होती, त्यामुळे हळदीतलं कळतं. कस्टमच्या कागदांतलं मात्र आत्ता आत्ता शिकतेय, म्हणून इथे विचारते.

हळद पावडर उजेडात राहिली की फिकट पडते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पाकिटावर छापायचं आणि दुबईच्या दुकानात तीन महिन्यांत पाकीट पिवळट-पांढरं दिसायचं, हे मला बघवत नव्हतं. म्हणून साध्या प्लास्टिकऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं पाकीट घ्यायचं ठरलं. चीनहून चार टन फॉइलचे रोल मागवले, इथल्याच एका जॉबवर्कवाल्याकडून लॅमिनेट करून घेतले.

ऑर्डर दिली फेब्रुवारी २०२५ मध्ये. मार्चमध्ये सरकारने चिनी फॉइलवर सहा महिन्यांसाठी तात्पुरतं अँटी-डम्पिंग शुल्क (परदेशी माल अवाजवी स्वस्तात येऊ नये म्हणून आयातीवर लावतात तो जादा कर) लावलं, टनाला ८७३ डॉलरपर्यंत. माल तेव्हा समुद्रात होता. न्हावा शेवा बंदरात बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा कागद) एप्रिलमध्ये दाखल झालं. ऑर्डर कधी दिली, पैसे कधी पाठवले, याला काही अर्थ नसतो हे तिथे कळलं. बिल ऑफ एंट्रीच्या वेळी जो दर लागू, तोच भरायचा.

त्यात आणखी एक घाव बसला. अधिसूचनेच्या तक्त्यात उत्पादकांची नावं आणि त्यांच्यापुढे वेगवेगळे दर असतात. आम्ही व्यापाऱ्याकडून माल घेतला होता आणि कागदावर मूळ कारखान्याचं नाव नीट नव्हतं. त्यामुळे आम्ही थेट ‘इतर कोणीही’ या शेवटच्या ओळीत गेलो, म्हणजे सगळ्यात चढा दर. तीन लाखांच्या आसपास फक्त हे शुल्क, आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). आयजीएसटीचं क्रेडिट मिळालं. तीन लाख मात्र आमच्याच खिशातून गेले. आमच्याएवढ्या युनिटला ही रक्कम म्हणजे दोन कामगारांचा वर्षाचा पगार आहे.

त्या फॉइलमध्ये भरलेला पहिला कंटेनर १८ जूनला निघाला. आज ऑगस्टचा दुसरा आठवडा आहे. आता माझे प्रश्न.

आमचे सीए म्हणतात, अँटी-डम्पिंग शुल्क कधीच परत मिळत नाही, देशातल्या कारखानदाराला वाचवण्यासाठीच ते असतं. सीएचए (कस्टमचे कागद करून देणारे एजंट) म्हणतात, ड्रॉबॅकमध्ये, म्हणजे माल निर्यात झाल्यावर त्यात वापरलेल्या सामानावरचं शुल्क परत मिळतं त्या योजनेत, मिळतं. हळद पावडरचा ड्रॉबॅकचा सरसकट दर (सरकारने त्या मालासाठी सगळ्यांना एकच ठरवलेला) बघितला तर तो नाममात्र आहे, त्यातून चहाचाही खर्च निघायचा नाही. मग खरं काय?

दुसरं म्हणजे पुढचा लॉट अ‍ॅडव्हान्स लायसन्सवर (निर्यातीच्या मालासाठी लागणारं सामान शुल्क न भरता आणायची परवानगी) आणावा असं भाऊ म्हणतो. १ एप्रिल २०२३ ची सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक २१/२०२३ मी दोनदा वाचली. मूळ सीमाशुल्काबरोबर कलम ९ए चं शुल्कही माफ आहे असं मला त्यातून समजलं, आणि ९ए म्हणजेच अँटी-डम्पिंग. मी बरोबर वाचतेय ना? आमची तीस टक्के पाकिटं पुण्या-मुंबईत विकली जातात, त्याचं काय करायचं? लायसन्सवर आणलेलं फॉइल देशातल्या पाकिटांना वापरलं तर अडचण येईल, एवढं कळतंय.

कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. कागद काय जमवायचे तेही सांगा.

प्रतिसाद (साताऱ्याहून)

ताई, आम्ही साताऱ्याच्या एमआयडीसीत कास्टिंग करतो, यातून गेलोय. सीएचए बरोबर सांगतात, पण अर्धंच. सरसकट दर ठरवताना अँटी-डम्पिंग शुल्क धरलेलं नसतं, म्हणून तो तुम्हाला नाममात्र दिसतो. ते परत मिळवण्याची वाट ब्रँड रेटची. २०१७ च्या ड्रॉबॅक नियमांतला नियम ७ बघा. सरसकट दराने मिळणारी रक्कम तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर स्वतःच्या मालासाठी वेगळा दर मागता येतो. अर्ज ज्या बंदरातून माल गेला तिथल्या सीमाशुल्क आयुक्तांकडे करायचा.

आता घाई कशाची ते सांगतो. अर्जाला निर्यातीपासून तीन महिने मिळतात. मुदतवाढ असते, पण तिच्या भरवशावर बसू नका. आणि आज संध्याकाळच्या आत शिपिंग बिल (निर्यातीच्या वेळी कस्टमकडे दिलेला कागद) काढून बघा. त्यावर सरसकट दराने ड्रॉबॅक मागितला असेल तर नियम ७ चं दार बंद होतं. सीएचएकडची पोरं सवयीने तोच रकाना भरतात. आमच्या पहिल्या दोन शिपमेंट अशाच गेल्या, त्याची हळहळ अजून आहे.

अ‍ॅडव्हान्स लायसन्सचं तुम्ही बरोबर वाचलंय, अँटी-डम्पिंगही माफ असतं. पॅकिंगचं सामान त्यात बसतं. पण माल फक्त स्वतःच्या उत्पादनाला वापरायचा, विकायचा नाही, आणि जॉबवर्कवाल्याचं नाव आधी नोंदवायचं. देशातल्या पाकिटांसाठी फॉइल वेगळं, इथलंच घ्या, आणि गोदामातही वेगळं ठेवा. निर्यातीला १८ महिने मिळतात. ईपीसीजी नावाच्या योजनेशी गल्लत करू नका, ती निर्यातदारांना यंत्रं आणण्यासाठी आहे आणि तिथे अँटी-डम्पिंग माफ होत नाही.

अजून एक. तुम्ही भरलंय ते तात्पुरतं शुल्क आहे. अंतिम शुल्क त्याहून कमी ठरलं तर फरक परत मिळतो. जास्त ठरलं तर फरक वसूल करत नाहीत. म्हणून भरणा केल्याचं चलन जपून ठेवा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. शिपिंग बिल काढलं. ड्रॉबॅकचा रकाना रिकामा आहे! सीएचएनी ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला’ म्हणून सोडून दिला होता. आज पहिल्यांदा मला त्यांच्या आळसाचं बरं वाटलं. म्हणजे माझ्या हिशेबाने १७ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. बिल ऑफ एंट्री, शुल्काचं चलन आणि निर्यातीचं बीजक तयार आहे.

एकच अडलंय. जॉबवर्कवाल्याच्या चलनावर फक्त ‘लॅमिनेटेड रोल, अमुक किलो’ एवढंच आहे, आयात रोलचे नंबर नाहीत. आमच्या स्टोअरच्या वहीत भावाने प्रत्येक रोलचा नंबर आणि वजन हाताने लिहिलंय. घट किती गेली तेही आहे. ही वही आणि चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला एवढ्यावर खपाचे तक्ते (निर्यातीच्या मालात किती फॉइल लागलं ते दाखवणारे) मान्य होतील, की जॉबवर्कवाल्याकडून नंबर घातलेलं पत्र घ्यावं? सोमवारी सकाळी त्याच्याकडेच जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.