निळी टिक, उत्तर नाही: हा स्वभाव की आजार?

ताई, भावाला बायपोलर (मूड नैराश्य आणि अतिउत्साह या दोन टोकांत झुलण्याचा आजार) आहे आणि मेसेज वाचून मैत्रिणीने उत्तर दिलं नाही की तो थेट राजीनाम्यावर येतो, असं तुम्ही लिहिलंय. समोरची ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत लटकत असेल, हे त्याला त्या क्षणी सुचतच नाही. नकार असा झोंबणं बायपोलरच्या निदानाच्या निकषांत नाही, पण नैराश्याच्या काळात ते वाढतं. मेनियाकडे, म्हणजे अतिउत्साहाच्या टोकाकडे झुकताना तोच नकार रडवण्याऐवजी भडकवतो. म्हणून रोज रात्री एक ओळ लिहून ठेवायला सांगा: किती तास झोप, मूड उणे ५ ते अधिक ५ मध्ये कुठे, काय मनाला लागलं. सलग दोन-तीन रात्री झोप घटली तर समजावत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

राजीनामा लिहू दे की! फक्त ड्राफ्टमध्ये राहू दे, दोन रात्री नीट झोप होईपर्यंत. ‘तू फार मनाला लावून घेतोस’ हे मात्र टाळा. त्याला तोही नकारच वाटतो.

आणि केमिस्टकडून परस्पर नैराश्याची गोळी अजिबात नको. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय ती मेनिया उसळवू शकते. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर त्याची पातळी तपासायला रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. रात्री-अपरात्री अडलं तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं.