मदत हवी आहे: टी २.६० असून पी ०.०९ कसा?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. ॲग्रीच्या प्रबंधात आठवडाभर एकाच तक्त्यापाशी अडकलोय. प्रयोग हरभऱ्याच्या उत्पादनाचा, स्प्लिट प्लॉट (मोठ्या मेन प्लॉटच्या आत लहान सब प्लॉट). मेन प्लॉटला सिंचनाच्या ३ पद्धती (सरी, तुषार, ठिबक), सब प्लॉटला ४ वाण, ४ रिप्लिकेशन (पुनरावृत्ती), एकूण ४८ प्लॉट. आर या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स्ड मॉडेल (ट्रीटमेंटबरोबर प्लॉटमधले योगायोगाचे फरकही धरणारं) बसवलं, मग ईएममीन्स या पॅकेजने टुकी (अनेक जोड्या एकत्र तपासताना पी वाढवणारी दुरुस्ती) लावून जोड्यांची तुलना केली. निघालं ते असं (एसई म्हणजे फरकाची प्रमाण त्रुटी, डीएफ म्हणजे स्वातंत्र्य कोटी, पी म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असेल तर सिग्निफिकंट):

ठिबक–सरी: फरक ३.९ क्विंटल/हेक्टर, एसई १.५, डीएफ ६, टी २.६०, पी ०.०९
वाण २–वाण ४: फरक २.९, एसई १.०, डीएफ २७, टी २.९०, पी ०.०३

मोठा फरक नॉन-सिग्निफिकंट, लहान सिग्निफिकंट! गाइड म्हणतात, टी दोनच्या वर गेला की झालं. त्यांनी कॅल्क्युलेटरवर सीडी (सिग्निफिकंट ठरायला लागणारा किमान फरक) काढली ती ३.६७, म्हणजे ३.९ पासच. त्यात रूममेटच्या उगवणीच्या डेटात झेड नेमका २.६० आणि पी ०.०२५. त्याच्याही तीनच ट्रीटमेंट, टुकीच. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १
काही चुकलेलं नाही. टी म्हणजे फरक भागिले एसई, बस्स. टुकी त्याला हात लावत नाही, फक्त पी बदलते. छापील टी-टेबलात ६ डीएफला २.६० शोधलात तर पी ०.०४ च्या आसपास येईल. सरांची सीडीही तिथलीच: २.४४७ गुणिले १.५. ठिबक–सरी हीच जोडी बघायची असं पेरणीआधी ठरवलं असेल, तर सरांचं म्हणणं चालेल. तिन्ही जोड्या चाळून सगळ्यात मोठी उचलली असेल, तर टुकीच लावा.

आता डीएफ. पाणी अख्ख्या मेन प्लॉटला एकदम दिलंत, त्यामुळे सिंचनासाठी तुमचे प्लॉट १२ च, ४८ नव्हेत. (४−१)×(३−१) = ६. वाण मात्र प्रत्येक मेन प्लॉटच्या आत शेजारी-शेजारी आहेत, म्हणून २७ डीएफ आणि एसईही कमी. रूममेटचं बियाणं उगवलं किंवा नाही उगवलं, म्हणजे जीएलएमईआर (अशा हो-नाही डेटाचं मिक्स्ड मॉडेल). तिथे ईएममीन्स डीएफ अनंत धरतं आणि टीऐवजी झेड छापतं. ६ डीएफच्या वक्राची शेपटी जाड असते, म्हणून त्याच २.६० ला पी जास्त.

आणि प्रबंधात ‘फरक नाही’ असं कृपा करून लिहू नका. टुकीचा इंटरव्हल (खरा फरक असू शकेल तो पल्ला) साधारण −०.७ ते ८.५ येतो. साडेआठ क्विंटलची शक्यता खुली ठेवणारा प्रयोग ‘फरक नाही’ असं कसं म्हणेल?

प्रतिसाद २
मॉडेलच्या रँडम भागात (योगायोगाचे फरक धरणाऱ्या) मेन प्लॉट आहे ना, खात्री करा. मी एकदा नुसतं रिप्लिकेशन टाकलं होतं. अशा मांडणीत सिंचनाचा डीएफ ६ ऐवजी ३३ दिसतो आणि सगळं झकास सिग्निफिकंट होतं. व्हायव्हात पहिलाच प्रश्न तोच आला! सिंचन × वाण इंटरॅक्शन (सिंचनाचा परिणाम वाणागणिक बदलणं) पाहिलंत का? तुलनेआधी एक नोट येते.

धागाकर्ता
मेन प्लॉट आहे, डीएफ ६ च. इंटरॅक्शनमुळे निकाल दिशाभूल करू शकतात अशी ओळ येते खरी. तक्ता वर्डमध्ये चिकटवताना मी ती दरवेळी खोडत होतो. आता वाणागणिक सिंचनाची तुलना काढतो आणि इथेच टाकतो.