नव्या घडणीचा खेळाचा गॉगल मळणीच्या आणि फवारणीच्या कामाला चालेल का?

आर्वीकडचा सायकलस्वार

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. पहाटे सायकल चालवतो आणि सुटीच्या दिवशी घरच्या वावरात काम करतो. चार वर्षे वापरलेल्या गॉगलची दांडी मोडली, म्हणून चैत्राच्या अखेरीस त्याच कंपनीची घडण बदललेली नवी आवृत्ती घेतली आणि नवतपा संपेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, ती रोज वापरून पाहिली.

जुन्या गॉगलला दोन वेगळ्या काचा आणि भोवती जाड चौकट होती, त्यामुळे मान वाकवून सायकल चालवताना वरची कड नेमकी रस्त्याच्या आड येत असे. नव्याला चेहऱ्याभोवती वळणारी एकच रुंद काच आहे आणि खालची चौकट काढून टाकलेली आहे. मागून ट्रक येतो आहे का, हे खांद्यावरून पाहताना आता मध्ये काहीच येत नाही, आणि माझ्या मते हाच या बदलाचा सर्वांत मोठा लाभ आहे. नाकावरची गादी बोटाने आतबाहेर वळवता येते. दांडीच्या टोकांचे रबर घामाने ओले झाले की उलट अधिक घट्ट धरते, म्हणून खडबडीत रस्त्यावरही गॉगल नाकावरून घसरत नाही. दोष दोन जाणवले. चढावर वेग कमी झाला की कडेच्या फटींतून वारा येत नाही आणि भुवईवरचा घाम काचेच्या आतल्या बाजूने ओघळतो. शिवाय उपरण्याने काच पुसल्यामुळे महिनाभरातच बारीक ओरखडे पडले.

आता प्रश्न असा की, सोयाबीनच्या मळणीच्या वेळी कुटार (भुसा) आणि माती उडते तेव्हा, तसेच पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना, हाच गॉगल संरक्षण म्हणून वापरावा काय? दुकानदार उन्हात रंग बदलणारी काच बसवून घ्या असेही म्हणतो. जाणकारांनी सांगावे.

तालुक्याच्या गावचा चष्मेवाला

सर, आपण गॉगल डोळ्यांवर चढवून पारखला, ही पद्धत मला आवडली, कारण बहुतेक गिऱ्हाईक दुकानातल्या आरशात पाहून काचेच्या काळेपणावर निवड करते. काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण न अडवणारी काळी काच अधिक वाईट, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण आत जायला वाट रुंद होते. काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते का, हे चष्म्याच्या दुकानातील मोजयंत्रावर क्षणात कळते. तपासून घ्यायला संकोच करू नका. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हाला ३ क्रमांकाच्या गटाची काच पुरते, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी. ४ क्रमांकाची त्याहून काळी असते आणि ती लावून वाहन चालवणे योग्य नाही.

रंग बदलणाऱ्या काचेबद्दल सांगतो. ती थंड हवेत चांगली काळवंडते, पण उष्णता वाढली की तिचे काळे होणे कमी पडते. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी, जेव्हा आपल्याला तिची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ती फिकट राहते. आपल्या भागासाठी मी ती सुचवत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपली काच बहुधा पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकची असेल. ते सहज फुटत नाही आणि अतिनील किरणही अडवते. तरीही काच न फुटणे वेगळे आणि संपूर्ण चष्मा आघाताच्या कसोटीस उतरणे वेगळे, कारण ठोसा बसल्यावर काच चौकटीतून निसटून डोळ्यावर आली तर तिचा काय उपयोग? युरोपातील ईएन १६६ या मानकाच्या कसोटीत ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने चष्म्यावर सोडतात. हा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर जातो. अमेरिकेतील झेड ८७.१ आणि आपल्याकडील आयएस ५९८३ ही मानकेही डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठीच आहेत. दांडीच्या आतील बाजूला आणि काचेच्या कोपऱ्यात यांपैकी खूण असेल, तरच मळणीयंत्रापुढे उभे राहा. नसेल तर तो गॉगल सायकलीसाठी उत्तम आहे, एवढेच म्हणता येईल. आणि कडेच्या ज्या फटींतून वारा येतो, त्यांतूनच कुटारही आत शिरणार, हे ध्यानात ठेवा.

ओरखड्यांचे कारण म्हणजे काचेवरची धूळ कोरडीच पुसणे. आधी साध्या पाण्याने धुवा, मगच मऊ सुती कापड लावा.

दर्यापूरची शेतकरीण

दादा, मळणीइतकाच धोका काढणीत असतो, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. तूर सोंगताना माझ्या भावाच्या डोळ्याला वाळलेली काडी लागली. साधे खरचटणे समजून त्याने दोन दिवस औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब घातले. पुढे बुबुळावर पांढरा डाग आला. डॉक्टरांनी सांगितले की, वनस्पतीच्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होतो आणि स्टेरॉइडचे थेंब तो वाढवतात. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. तेव्हापासून आमच्याकडे तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या कामाला पारदर्शक संरक्षक चष्मा सक्तीचा आहे, मग मजूर बायका का असेनात. तो काळा नसल्यामुळे सकाळच्या अंधुक उजेडातही अडचण येत नाही.

फवारणीला मात्र तुमचा गॉगल अजिबात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कामाला चेहऱ्याला चहूबाजूंनी घट्ट बसणारा, हवा थेट आत न येणारा रसायनरोधक चष्माच लागतो, आणि त्याच्या जोडीला मास्क व हातमोजे.

वीकेंडचा पंच

मैदानावर उभे राहून एक गोष्ट शिकलो: राखाडी काचेत रंग जसे असतात तसे दिसतात, तर तपकिरी काचेत उठाव वाढतो आणि खडीच्या रस्त्यावरचे खळगे लवकर नजरेत येतात. सायकलीला तपकिरीच घ्या.

आर्वीकडचा सायकलस्वार

सर्वांचे आभार. आज गॉगल दुकानात नेऊन तपासला. अतिनील किरणांचे संरक्षण पूर्ण आहे, पण दांडीवर ३ या क्रमांकाशिवाय कोणतीही खूण सापडली नाही. त्यामुळे तो सायकलीसाठी ठेवतो. मळणीसाठी झेड ८७ ची खूण असलेला पारदर्शक चष्मा ठरवला आहे. फवारणीचा वेगळा घेणार असून तो पाठीवरच्या पंपासोबत घालून, मान वाकवून आणि दहा मिनिटे उन्हात उभे राहून आधी पारखणार आहे, कारण काचेच्या आत वाफ धरली तर मजूर तो काढून टाकतील, हे मला ठाऊक आहे. ताई, तुमच्या भावाच्या डोळ्याला आता कसे आहे, ते जरूर कळवा.