रायटचा एमएमओ येईपर्यंत गिल्ड टिकवायची कशी? ठाणे-नवी मुंबईकरांनो, मत हवंय

ऐरोलीची_हीलर:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण ज्यांनी कधी रात्र जागून रेड (गटाने मिळून मोठ्या शत्रूशी लढाई) केली आहे त्यांना लगेच कळेल.

आमची गिल्ड, म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्यांचा गट, छोटी. एक जण कळव्याचा, एक कोपरखैरण्याचा, दोघे ठाण्यातले, नाशिकचा माझा मावसभाऊ आणि मी ऐरोलीची. ज्या गेममध्ये आमची ओळख झाली त्यात आता कोणाचं मन लागत नाही. शनिवारी रात्री सगळे व्हॉइसवर येतात, गप्पा होतात आणि मग जो तो आपापल्या गेमकडे वळतो. विषय निघाला की एकच पालुपद, "रायटचा एमएमओ येऊ दे, मग परत एकत्र बसू." म्हणजे लीग ऑफ लेजेंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सचा, लीगच्याच रुनटेरा या जगातला, हजारो जण एकत्र खेळतात तसा ऑनलाइन गेम.

मलाही तो गेम मनापासून हवा आहे. रुनटेराचा नकाशा मी लीगपेक्षा त्यातल्या गोष्टी वाचून जास्त ओळखते. बिल्जवॉटरच्या धक्क्यावर उतरायचं, पिल्टोवरच्या उजेडातून खाली झॉनच्या धुरात जायचं, आणि हे सगळं मेन्यूतून न निवडता पायी चालत. नुसत्या कल्पनेनेही बरं वाटतं.

हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारी, म्हणून एक खास इच्छा आहे. लीगमधलं सोराका हे पात्र दुसऱ्याला बरं करते तेव्हा स्वतःचं रक्त खर्च करते. एमएमओमधले बहुतेक हीलर मानावर (जादूच्या शक्तीवर) चालतात. माना संपला की बसायचं, प्यायचं, पुढे निघायचं. सोराकाचा हिशेब इथे आणला तर प्रत्येक हीलला ठरवावं लागेल, टँकला (पुढे उभं राहून मार झेलणाऱ्याला) आत्ता द्यायचं की आधी आपण जगायचं. मग मला सांभाळणारी दुसरी हीलर लागेल, आणि तिला मी. असा रेड मला खेळायचा आहे. अलीकडे बऱ्याच गेममध्ये प्रत्येक क्लासला (पात्राच्या प्रकाराला) स्वतःचं हील देऊन टाकतात आणि हीलर नावापुरता उरतो. तसं इथे होऊ नये.

आता शंका. पहिली सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये रायटच्या ग्रेग स्ट्रीट यांनी गेम बनतोय असं सांगितलं, मार्च २०२३ मध्ये ते रायट सोडून गेले. मार्च २०२४ मध्ये रायटचे सहसंस्थापक मार्क मेरिल यांनी लिहिलं की दिशा नव्याने ठरवली आहे, कारण आधीचा आराखडा आज खेळायला मिळतं त्याहून पुरेसा वेगळा नव्हता. आणि आता बराच काळ, बहुधा काही वर्षं, आम्ही काही बोलणार नाही. खरं बोलले याबद्दल आदर आहे. पण "काही वर्षं" म्हणजे आमच्या गिल्डमध्ये तोवर कोणाचं लग्न, कोणाची बदली, कोणाचं बाळ.

दुसरी शंका मला जास्त छळते. मागच्या एका गेममध्ये आम्ही युरोपच्या सर्व्हरवर होतो. तिथल्या गिल्डचा रेड त्यांच्या रात्री आठला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. टँकचं रक्त झरझर खाली येतंय, मी बटण दाबलंय, कास्ट बार भरलाय, आणि हिरवा आकडा दिसेपर्यंत टँक आडवा. सकाळी सव्वाआठची गाडी पकडायची असते. सिंगापूरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) बरा मिळतो, पण त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपले साडेसहा, आणि मी ट्रान्स-हार्बर लोकलला लटकत असते. मला घरी पोहोचून, जेवून, आवरून दहाला बसता येईल अशी जागा हवी आहे, जिथे दहाला शहर जागं असेल.

ऐरोलीहून रबाळ्याकडे गाडी निघाली की त्या डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती दिसतात, छतावर कूलिंगची यंत्रं, बाजूला जनरेटरच्या चिमण्या. अख्ख्या देशाचा डेटा माझ्या घराशेजारी आणि माझं हील जर्मनीला जाऊन परत येतं!

तर तुम्ही काय कराल? थांबाल, की आत्ताच दुसरा गेम धराल? आणि मुंबई सर्व्हर मिळेल असं वाटतं का?

महापे_नेटवर्क:

ताई, सर्व्हरबद्दल सांगतो, कारण रोजचं काम याच पट्ट्यात आहे.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. पण केबल सरळ जात नाही. समुद्रातून लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य, मग युरोप. त्यामुळे चांगल्या दिवशीही १२० च्या पुढेमागे. आणि लाल समुद्रात केबल तुटली की रस्ता आणखी लांबतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडे किती तरी लोक घरचा राउटर बंद-चालू करत बसले होते. सिंगापूर चार हजार किलोमीटरच्या आत आहे, तिथे ६० च्या आसपास मिळतो.

जागेची अडचण नाही. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसीच्या पट्ट्यात डेटा सेंटर आली ती जमीन, वीज आणि वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या केबलची जवळीक यामुळे. शिवाय रायटने आपल्या व्हॅलोरंट या शूटिंग गेमला २०२० पासून मुंबईचा सर्व्हर दिलेला आहे, म्हणजे इथे यंत्रं चालवणं त्यांना नवं नाही. म्हणून माझी आशा बरी आहे.

पण एक फरक लक्षात घ्या. व्हॅलोरंटच्या मॅचला दहा माणसं पुरतात, मॅच संपली की हिशेब संपला. एमएमओचं जग चोवीस तास चालू ठेवावं लागतं आणि प्रत्येकाचं कॅरेक्टर, सामान, लिलावघर त्याच सर्व्हरशी बांधलेलं. तो एकदा उघडला की माणसं कमी झाली म्हणून सहज मिटवता येत नाही. कंपनी तिथे हात आखडते.

नौपाड्याचा_प्रीस्ट:

माणसांचा मुद्दा निघालाच आहे तर माझं ऐका. मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा बराच मोठा असणार.

रॅगनारॉक ऑनलाइन या जुन्या एमएमओचा भारतातला सर्व्हर होता तेव्हा मी प्रीस्ट, म्हणजे हील आणि बळ देणारा, होतो. घरी नेट धड नव्हतं, म्हणून गोखले रोडच्या बाजूच्या गल्लीत एका सायबर कॅफेत जायचो. आठ मशीन, एक पंखा, कोपऱ्यातल्या मशीनचा माऊस कायम अडकायचा. पण गेममधल्या प्रॉन्टेरा शहराच्या चौकात उभं राहिलं की हिंदी, मराठी, गुजराती सगळं रोमन अक्षरांत धावत असायचं. कोणी म्हणायचं "भावा, ब्लेसिंग दे", मी द्यायचो, तो थँक्यू न म्हणता पळायचा आणि संध्याकाळी पायोनच्या गुहेत तोच मला सांगाड्यांपासून वाचवायचा. पिंग वाईट होता. कोणी तक्रार करत नसे, कारण समोरचा माणूस आपल्याच वेळेला जेवायला उठत होता.

मग गर्दी ओसरली. वॉर ऑफ एम्पेरियमच्या, म्हणजे गिल्डच्या किल्ल्यांसाठीच्या लढाईच्या, दिवशी किल्ले होते, हल्ला करायला गिल्ड नव्हत्या. मी तेव्हा दाराशी उभा राहून बफ (साथीदारांचं बळ वाढवणारे मंत्र) द्यायची वाट पाहायचो आणि कोणी यायचंच नाही. ते फार वाईट वाटायचं, आजही वाटतं.

म्हणून नुसता "मुंबई सर्व्हर द्या" म्हणू नका. भारत, श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ आणि आखातातली आपली माणसं एकाच सर्व्हरवर आली तर रात्री दहाला शहर भरलेलं राहील. दुबईची घड्याळं आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहेत. ही मागणी रायटकडे आत्तापासून गेली पाहिजे, गेम आल्यावर नाही.

टायटन_विसरलो_नाही:

माझं मत कडू आहे. दिशा बदलली म्हणजे गेम सुधारतोच असं नाही. ब्लिझार्ड कंपनीने टायटन नावाच्या एमएमओवर सात वर्षं घालवली आणि २०१४ मध्ये तो रद्द केला. त्यातून ओव्हरवॉच हा शूटिंग गेम निघाला, चांगला निघाला, पण ज्यांना एमएमओ हवा होता त्यांना काय मिळालं? एव्हरक्वेस्ट नेक्स्ट २०१६ मध्ये असाच गेला. न्यू वर्ल्ड तर बाजारात आला, २०२१ मध्ये स्टीमवर एका वेळी नऊ लाखांवर लोक होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन भर घालणं थांबवत असल्याचं जाहीर झालं. जो गेम अजून कोणी पाहिलेला नाही त्याच्यासाठी मैत्री थांबवून ठेवू नका.

कोपरखैरणे_टँक:

ताई, मी तुझाच टँक, त्यामुळे इथेही तुझ्या पुढे उभा राहतो.

टायटनवाल्या दादांचं सगळं खरं, पण उलटं उदाहरणही आहे. फायनल फँटसी १४ सप्टेंबर २०१० मध्ये आला तेव्हा लोकांनी अक्षरशः धुतला. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली, जुना गेम २०१२ मध्ये बंद केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने उभा केला. तो आजही चालू आहे. रायटने तर लोकांसमोर आणण्याआधीच मोडून पुन्हा बांधायला घेतला. मला त्यात हिंमत दिसते.

आणि माझं म्हणणं, तोपर्यंत आपण तिथेच जाऊ. ग्लोबल कूलडाउन (एका मंत्रानंतर दुसऱ्यासाठी थांबायचा वेळ) अडीच सेकंदांचा आहे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरही हील वेळेवर पोहोचवता येतं. फुकट चाचणी लेव्हल ७० पर्यंत आहे, दिवसांची मर्यादा नाही. डंजनला (छोट्या गटाच्या मोहिमेला) चार जण लागतात. चौघे आपलेच असले तर सर्व्हरवर किती वाजलेत याच्याशी आपल्याला काय करायचंय? दहाला बसू, साडेअकराला उठू.

पैशांचं एक सांगून ठेवतो. पुढे कोणी महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलंच तर कार्डावर आपोआप पैसे कापण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कडक केले आहेत. परदेशी गेमचं नूतनीकरण मध्येच अडकू शकतं, तारीख लक्षात ठेवा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची भीती मात्र घालून घेऊ नका. बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. सबस्क्रिप्शन भरून रेड करणं त्यात येत नाही.

ऐरोलीची_हीलर:

सगळ्यांचे आभार. प्रीस्ट काका, तुमचं दाराशी उभं राहणं वाचून पोटात कालवलं. आखातातल्या लोकांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते अगदी बरोबर आहे. माझी एक बहीण शारजाला आहे, तिचे साडेआठ म्हणजे माझे दहा. रायटला पाठवायचं पत्र मी लिहायला घेते. त्यात सर्व्हरची वेळ आणि सोराकाचं हील, दोन्ही घालणार आहे. मसुदा इथेच टाकेन, काका, तुम्ही आणि महापेवाल्या दादांनी त्यावर नजर टाका. पिंगचे आकडे दादांकडूनच घेते.

टायटनवाले दादा, तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं पाठवलं. "मग बघू" म्हणणारे दोघे गप्प झाले आणि कळवेकराने लगेच चाचणी डाउनलोड करायला लावली. गेम मोठा आहे, ज्याचं नेट हळू असेल त्याने रात्रीच लावून ठेवा.

शनिवारी दहाला सुरुवात करतोय. मी कॉन्जरर हा हीलर क्लास घेतेय, म्हणजे पुढे त्याचाच वरचा प्रकार, व्हाइट मेज, होता येईल. टँक आहेच, कळवेकर धनुष्य घेतोय. मावसभावाची परीक्षा संपेपर्यंत चौथी जागा रिकामी आहे. प्रीस्ट काका, याल का? हीलर मी असले तरी बफ देणारे क्लास तिथे बरेच आहेत.