ज्याला पंचनाम्यात रकाना नव्हता : वादळाचे आपले अनुभव

वरळी कोळीवाडा

मे महिना लागला की आमच्या आईचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मे म्हणजे नुसती घाई. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी मिळेल तेवढी मासळी आणायची, सुकवायची, होड्या वर घ्यायच्या. २०२१ च्या १७ मेला तौक्ते चक्रीवादळ आलं आणि त्या घाईत कायमची धास्ती मिसळली.

तौक्ते मुंबईला 'चाटून गेलं' असं अजून ऐकू येतं. वादळाचा डोळा समुद्रातूनच वर सरकला आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढला, हे खरं. पण त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात. आम्ही किनाऱ्यावर होतो. आम्हाला ते चाटून गेल्यासारखं वाटलं नाही.

पंचनाम्याच्या कागदावर होडी, जाळं, घर, झाड असे रकाने असतात. ज्याला रकानाच नव्हता ते इथे, या धाग्यावर लिहा, एवढीच विनंती. तौक्ते, २०२० चं निसर्ग, २००९ चं फयान, कुठलंही चालेल. माणसांची नावं नकोत, जागा लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आमची होडी वाचली, म्हणून आमचा पंचनामा झालाच नाही. ती वाचली कारण बाबा आणि भाऊ दुपारपासून छातीभर पाण्यात उभे राहून बांबूने शेजारची होडी लोटत होते, दोन होड्यांच्या मध्ये. एका लाटेत बाबांच्या हातातून दोर सरकला आणि दोन्ही तळव्यांची साल घेऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं पुढे मिटेनात. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळ दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून दर्याला सोडला.

मढ

आमची होडी गेली. बुडाली असती तर कदाचित बरं झालं असतं, असं मी रागाने नाही, हिशोबाने म्हणतो.

इशारा वेळेत मिळाला होता, ते नाकारणार नाही. आम्ही दोन दिवस आधीच बर्फ उतरवून होडी आत आणली, दोन नांगर टाकले, बाजूला टायर बांधले. सकाळी वारा जमिनीकडून होता. मतलईची आम्हाला सवय आहे, होड्या त्या बेताने लावलेल्या होत्या. दुपारनंतर वारा फिरला आणि दक्षिणेकडून यायला लागला. सगळ्या होड्या नांगरावर गरकन वळल्या. एकीचा दोर तुटला की ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. लाकडावर लाकूड आपटल्याचा तो आवाज मला अजून झोपेत येतो.

दुसऱ्या दिवशी आमची होडी वाळूवर आडवी पडलेली होती. एका बाजूच्या सात फळ्या फुटलेल्या, इंजिनात खारं पाणी आणि वाळू. पण आकार होडीचाच होता, म्हणून कागदावर 'अंशतः नुकसान' लिहिलं गेलं. अंशतःला १०,००० रुपये. पूर्ण गेलेल्या होडीलाही २५,०००च होते म्हणा. सुतार मिळेना, कारण सगळ्या बंदरांना एकाच वेळी सुतार हवा होता. फळ्या बसवायच्या, फटींत कापूस ठासायचा, मग डांबर. आईच्या पाटल्या मोडल्या तेव्हा इंजिन सुरू झालं. दिवाळी उलटून गेली होती.

ज्याला रकाना नव्हता, ते आमचे सहा खलाशी. होडी त्यांची नाही, जाळी त्यांची नाहीत, म्हणजे नुकसानही त्यांचं नाही, असं कागद म्हणतो. त्यांचे कपडे, भांडी, आधार कार्डं, सगळं होडीवर होतं. अकरा वर्षं आमच्याबरोबर असलेला एक जण गावी गेला, तो पुन्हा दर्यावर आलाच नाही. वाळवी मारायच्या कामावर, औषधाचा डबा हातात घेतलेला त्याचा फोटो मधे एकदा आला होता. बरा दिसत होता.

वर्सोवा

मी मासळी पकडणाऱ्यांची नाही, सुकवणाऱ्यांची. म्हणून माझ्या सासूबाईंच्या वतीने लिहिते.

वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबू-दोरीच्या मांडवावर, बोंबील कसे घालतात हे बघितलंय का कुणी? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. एकेक करून, हाताने, पहाटेपासून. सासूबाई एका दमात शेकडो जोड्या घालतात, न बघता. १४ मेला अक्षय तृतीया होती. तेव्हा आमच्या वलांड्या भरलेल्या होत्या आणि वाळूवर जवळा पसरलेला होता. तीन दिवस ऊन मिळालं असतं तर पावसाळ्याची बेगमी झाली असती. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा घर या सुक्या मासळीवर चालतं.

वारा येणार म्हटल्यावर अर्धवट वाळलेले बोंबील काढून घरात रचले. पलंगावर, माळ्यावर, देव्हाऱ्याखाली. पत्रे उडाले आणि ते सगळं भिजलं. भिजलेल्या बोंबलाला दोन दिवसांत अळी लागते. घरातला वास महिनाभर गेला नाही. पोत्यांतून माल खताला दिला, मिळेल त्या भावाने.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांना सासूबाईंनी विचारलं, "आणि याचं काय?" ते भले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "आजी, याला रकाना नाही." या धाग्याचं नाव वाचलं तेव्हा मी तो शब्द त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, लिही, वलांडीचे बांबू पण लिही, चाळीस होते.

माहीम

घर उभं आहे. समुद्राकडची खिडकी आम्ही पत्रा ठोकून कायमची बंद केली, कारण धाकटी त्या खिडकीपाशी झोपेना. आता दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

दिवेआगर, सध्या लालबाग

निसर्ग वादळाबद्दल लिहिते. ३ जून २०२०, बुधवार. टाळेबंदीत मी मुंबईत अडकलेली आणि आई-अप्पा गावी. मुंबईत दुपारी वारा ओसरला, सोसायटीत लोक 'वाचलो' म्हणून फोन करत होते. आम्ही वाचलो, कारण ते श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला चढलं. म्हणजे आमच्या वाडीवर. आईचा फोन अकराव्या दिवशी लागला. ते अकरा दिवस कसे काढले ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

मी गावी गेले तेव्हा वाडीतून थेट समुद्र दिसला. लहानपणापासून मला वाडीतून समुद्र फक्त ऐकू यायचा. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मधोमध मोडलेल्या, नारळ मुळासकट आडवे. मदत झाडामागे ठरली, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. अप्पा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी तरीही रोपं लावली. पाणी घालताना ते रोपांशी बोलतात, असं आई सांगते.

आणि एक. वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. आळीतला वड उन्मळून रस्त्यावर पडलेला. बायकांनी आडव्या वडालाच दोरा गुंडाळला. फेरे घालायला फांद्यांवरून चढून जावं लागत होतं. आईने तेही केलं.

वांद्रे

मी समुद्राशी संबंध असलेली नाही, पण लिहावंसं वाटलं. तौक्तेच्या आधी वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर, मुलुंड इथल्या तंबूवजा कोविड केंद्रांतले रुग्ण रातोरात हलवले गेले, जवळजवळ ५८०. त्यांत माझी आई होती, ऑक्सिजनवर. तंबू वाऱ्याला टिकला नसता, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण तिला कुठे नेलं हे कळायला आम्हाला सोळा तास लागले आणि बाहेर झाडं पडत होती. आई घरी आली. तिची चष्म्याची डबी त्या खाटेवरच राहिली, ती तेवढी आठवून रडली.

चेंबूर

आमच्या मजल्यावर चार वेल्डर भाड्याने राहायचे. खोल समुद्रातल्या तेलक्षेत्रात काम. तौक्तेच्या वेळी तिथल्या पी-३०५ या कामगारांच्या तराफ्यावर २६१ माणसं होती. नांगर निसटला, तराफा भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. नौदलाने त्या खवळलेल्या पाण्यातून १८६ जणांना जिवंत काढलं. आमच्या चौघांपैकी दोघे परत आले. त्यातला एक पुढे कितीतरी दिवस दाराबाहेर जिन्यावर झोपायचा. आत गुदमरतं म्हणायचा. भाडं संपलं तसे ते गेले. फोन नंबर बदललाय.

वरळी कोळीवाडा

चेंबूरकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मढच्या दादांना एक विचारायचं आहे, इंजिनाला नंतर मदत मिळाली का? इथल्या काहींचे अर्ज अजून पडून आहेत.

मढ

नाही मिळाली.

गोराई

आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते, ते सांगतायत तसं टाइप करतोय.

"आमच्या वेळी मोठी वादळं बंगालच्या बाजूला व्हायची. आपला दर्या पावसाळ्यात रागवायचा, पण त्याची तारीख ठरलेली असायची. आता पाणीच तापलंय. हात घातला की कळतं. २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं, त्याच्या मागोमाग महा, ऐन हंगामात होड्या परत बोलवाव्या लागल्या. मग निसर्ग, मग तौक्ते. आणि एक गोष्ट लोक विसरतात. तौक्तेच्या दिवशी भांगेचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं पाणी होतं. अक्षय तृतीया होऊन तीनच दिवस झाले होते, उधाण नव्हतं. तेच पौर्णिमेला आलं असतं, नऊ दिवसांनी, तर पाणी घरात शिरलं असतं. तो वारा आणि वर उधाण, हे अजून आपण बघितलेलं नाही."

आजोबा आता होडीवर जात नाहीत. पण दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या होडीचा दोर ते स्वतः बदलतात. जुना चांगला असला तरी. दोन पदरी बांधतात, मग पुन्हा सोडून तीन पदरी. आत्ता हे सांगून झाल्यावर तिकडेच गेलेत.